कोपरे सांभाळ, रंगात उतर

साखरपुड्याच्या अंगठीला चौकोनी प्रिन्सेस कट घ्यायचा ठरवलास ते बरं केलंस. गोल हिऱ्याच्या मागे सगळं जग लागलेलं, म्हणून त्याचा भाव कायम चढा. त्याच दर्जाचा चौकोनी हिरा बराच कमी पैशांत येतो आणि त्यात खोट काही नसते. चांगला कच्चा हिरा पुष्कळदा आठ बाजूंचा असतो, दोन पिरॅमिड तळाला तळ लावून ठेवले तर दिसेल तसा. तो मधून कापला की दोन चौकोनी तुकडे होतात आणि प्रिन्सेसचा आकार त्या तुकड्यात जवळजवळ आयताच बसतो. गोल काढायचा तर कोपरे घासून टाकावे लागतात, निम्म्याच्या आसपास माल भुकटीत जातो. चौकोनात तो वाचतो, म्हणून तुझेही वाचतात.

पण माल वाचवायचा हाच सोस पुढे गिऱ्हाइकाच्या मुळावर येतो. हे मी शिकले ते सीप्झमध्ये. अंधेरीचं हे निर्यात केंद्र १९७३ साली सुरू झालं ते इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांसाठी. दागिन्यांची युनिटं तिथे ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडे आली, आणि त्यांतल्याच एका युनिटात क्यूसीच्या टेबलावर तुझ्या मावशीचं नोकरीचं आयुष्य गेलं. परदेशी जाणाऱ्या अंगठ्या तपासता तपासता एवढं समजलं की प्रिन्सेस कटमध्ये पैसा दोन ठिकाणी घालायचा, हिऱ्याच्या घाटात आणि त्याच्या चार कोपऱ्यांत. रंग, शुद्धता आणि वजन यांत खुशाल खाली उतरायचं. दुकानात तुला नेमकं उलटं शिकवतील.

घाटाचं आधी सांगते, कारण तिथेच सगळ्यात जास्त लोक गंडतात. हिरा वजनावर विकला जातो. घासणारा कारागीर हिऱ्याच्या पोटात वजन ठेवून देऊ शकतो. वरून तो लहान दिसतो, पण काट्यावर भरतो. पन्नास सेंटचे, म्हणजे अर्ध्या कॅरेटचे, दोन प्रिन्सेस समोर ठेवले असं धर. एकाची बाजू ४.४५ मिलिमीटर आणि खोली ७० टक्के. दुसऱ्याची बाजू ४.२५ आणि खोली ८० टक्के. वजन दोघांचं जवळपास तेच, पण पहिला बोटावर दहाएक टक्के मोठा दिसणार. दुसऱ्यात तू पोटाचे पैसे भरलेस, आणि ते पोट अंगठीत कायमचं झाकलेलं. म्हणून दुकानात ‘किती सेंटचा?’ या प्रश्नाच्या पाठोपाठ ‘किती मिलिमीटर?’ विचारायचं. रिपोर्टवर तिन्ही मापं छापलेली असतात, लांबी, रुंदी, खोली. खोलीला रुंदीने भागलं की टक्के आले. सत्तरच्या आसपास, पंचाहत्तरच्या आत असेल तर हात घाल. वरचा सपाट भाग, ज्याला टेबल म्हणतात, तोही पंचाहत्तरच्या फार वर नको. नाहीतर हिरा काचेच्या तुकड्यासारखा थंड दिसतो. लांबीला रुंदीने भागून १.०५ पेक्षा जास्त आलं तर तो डोळ्याला चौकोनी न वाटता आयताकडे झुकलेला वाटेल.

आता रिपोर्टचं. जीआयए ही अमेरिकेतली प्रयोगशाळा २००६ पासून गोल हिऱ्याच्या कटला दर्जा देते. तिच्या प्रिन्सेसच्या रिपोर्टवर मात्र पॉलिश आणि सिमेट्री एवढंच असतं. त्या दोन्हींपुढे ‘एक्सलंट’ लिहिलं म्हणून हिरा चमकणार असं नाही. पैलू गुळगुळीत आहेत आणि नीट जुळलेत, इतकंच त्याचं म्हणणं. आपल्याकडच्या दुकानांत आयजीआय या दुसऱ्या प्रयोगशाळेचा कागद जास्त दिसतो. तो चालेल. त्यावर कटचा शेरा असला तरी वरची भागाकाराची दोन गणितं करायचीच. बाकी काम डोळ्यांचं. हिरा हळू हलवून बघ. मधोमध फुलीसारखी आकृती दिसेल, तिच्या भोवती उजेड-काळोख चटचट बदलला पाहिजे. मधला भाग मेला असेल, म्हणजे हलवूनही तिथे काही होत नसेल, तर तो परत ठेव. खालच्या अंगाला शेवरॉन नावाचे लांबट पैलू असतात. लहान हिऱ्यात ते कमी असलेले बरे, लखाखी मोठी पडते. जास्त असले की बारीक चुरचुरीत चमक येते. ती एक कॅरेटच्या हिऱ्यात शोभते, आपल्या बजेटात नाही.

आणि हे सगळं दुकानाच्या दिव्यांखाली बघायचं नाही. त्या स्पॉटलाइटखाली फुटलेली बाटलीसुद्धा झगमगते. हिऱ्याचे दलाल पूर्वी ऑपेरा हाउसला खिडकीपाशी पुडी उघडायचे ते उगाच नव्हे. २०१० साली बाजार बीकेसीच्या भारत डायमंड बोर्सच्या काचेच्या इमारतींत गेला, तरी जुना जाणकार अजून खिडकीच शोधतो. तू दुकानदाराला म्हण, दारापाशी सावलीत नेऊन बघतो. सरळ माणूस असेल तर सोबत नोकर देईल आणि हो म्हणेल.

आता कोपरे. तुकोबांच्या अभंगातला हिरा ऐरणीवर घण सोसतो. अभंगात ते ठीक, प्रत्यक्षात घण घातलास तर हिऱ्याचे तुकडे गोळा करत बसशील. हिऱ्याला ओरखडा उठत नाही, पण तो फुटतो. त्याच्या आत ठरावीक दिशा असतात आणि त्या दिशेने धक्का बसला की तो चिरतो. गोल हिऱ्याला टोक नसल्यामुळे त्याचं निभावतं. प्रिन्सेसचे चारही कोपरे म्हणजे उघडी टोकं. आमची होणारी सूनबाई रोज मुलुंडहून लोकलने घाटकोपर आणि तिथून मेट्रोने अंधेरी करते ना? त्या जिन्यात, त्या दारातल्या स्टीलच्या दांड्याला दिवसाला किती वेळा हात आपटत असेल विचार कर. टवका उडाला तर हिरा पुन्हा घासावा लागतो. घासला की वजन गेलं, वजन गेलं की किंमत गेली, आणि कोंदणही नव्याने करावं लागतं.

म्हणून एक बघ. रिपोर्टवर हिऱ्याचा नकाशा असतो, त्यात आतले डाग आणि पिसं कुठे आहेत ते दाखवलेलं असतं. लहान हिऱ्याच्या छोट्या रिपोर्टवर नकाशा नसतो. तेव्हा आयग्लास मागून घ्यायचा, दहा पट मोठं दाखवणारं भिंग, आणि चारही कोपरे एकेक करून बघायचे. कोपऱ्याशी पीस असेल, म्हणजे आतल्या आत गेलेली बारीक चीर, तर कितीही सूट दिली तरी नको. तोच दोष टेबलाच्या कडेला, पैलूंच्या गर्दीत असेल तर मला काही वाटत नाही.

दुसरं म्हणजे प्राँग. चारही कोपऱ्यांवर इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा प्राँग हवा, कोपऱ्याला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारा. साधा गोल दाण्याचा प्राँग बाजूंच्या मधोमध बसवून कोपरे मोकळे सोडलेली अंगठी कॅटलॉगमध्ये फार नाजूक दिसते. ती लोकलने जाणाऱ्या बाईसाठी नाही. याहून भक्कम हवं तर चहूबाजूंनी सोन्याची बारीक पट्टी, बेझल म्हणतात त्याला. आपल्या आज्यांच्या हिऱ्याच्या कुड्या अशाच सोन्यात बुडवलेल्या असत, आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या. आजच्या मुलींना ते जुनाट वाटतं, मला नाही वाटत. पण अंगठी मला घालायची नाहीये.

रंगात उतर म्हटलं ते असं. दुकानात ‘ईएफ-व्हीव्हीएस’ हा मंत्र तुझ्या कानावर चारदा पडेल, जणू त्याखालचं घेतलं तर साखरपुडा मोडेल. डी-ई-एफ हे पांढरे स्वच्छ रंग, तिथून पुढे अक्षरागणिक पिवळसर झाक वाढत जाते. जी आणि एचमधला फरक तुला तर सोड, मलाही अंगठीत बसवल्यावर सांगता यायचा नाही. तू पिवळ्या सोन्यात बसवणार असशील तर एच, अगदी आयसुद्धा घे. सोन्याची झाक तशीही हिऱ्यात उतरते. डी रंगाचे पैसे मोजून तो पिवळ्या प्राँगमध्ये बसवणं म्हणजे पैशांची माती. एक मात्र आहे, प्रिन्सेसच्या कोपऱ्यांत पिवळेपणा आधी दिसतो. म्हणून व्हाइट गोल्ड किंवा प्लॅटिनम असेल तर जी-एचवर थांब. मधला रस्ताही आहे: कडं पिवळं, वरचे प्राँग पांढरे.

शुद्धतेत व्हीव्हीएसच्या खालचं व्हीएस-टू पुरे. एसआय-वनसुद्धा पुरे, जर हातभर अंतरावरून साध्या डोळ्याला काही दिसत नसेल. प्रिन्सेसमध्ये पैलू इतके असतात की बारीकसारीक डाग त्यांत हरवतात. तुझी आई काळ्या ठिपक्याला घाबरेल, काकपद की काय म्हणून. जुन्या रत्नपरीक्षेत त्याला अशुभ मानलंय खरं. तिच्या समाधानासाठी टेबलाखालचा काळा ठिपका टाळ, पांढरा ढगाळ चालेल. आणि ‘हिरा लाभतो का’ म्हणून जर कुणी चार दिवस उशीखाली ठेवायला सांगितलं तर वाद घालू नकोस, ठेव. फक्त दुकानाची परत घ्यायची मुदत किती दिवसांची आहे ते आधी विचार.

वजनाची युक्ती सोपी आहे. पन्नास सेंट, सत्तर सेंट, एक कॅरेट या उंबरठ्यांवर दर कॅरेटचा भाव उडी मारतो. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस सेंटचा हिरा खालच्या भावात येतो आणि बोटावर पन्नासच्या हिऱ्यापेक्षा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतकाही कमी दिसत नाही. असा हिरा दुकानात पडलेला नसतो, मागवून घ्यावा लागतो. आठवडाभर थांबायची तयारी ठेव. शिवाय चौकोनाचा कर्ण तुझ्या बाजूने आहे: ४.४ मिलिमीटरचा प्रिन्सेस कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सहाच्या वर भरतो, आणि अर्ध्या कॅरेटचा गोल हिरा पाच-सव्वापाच मिलिमीटरचाच असतो.

तुला कुणीतरी चार लहान प्रिन्सेस जोडून एक मोठा केलेली अंगठी दाखवेल. मध्ये सोनं दिसत नाही, लांबून एकच दगड वाटतो. इन्व्हिजिबल सेटिंग. हे मुळात पॅरिसच्या व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्सने १९३३ मध्ये पेटंट केलेलं कसब. त्याच धाटणीचं काम आमच्या सीप्झमधल्या हातांनी ढिगाने केलं. हिऱ्याच्या कमरेखाली बारीक खाच पाडतात आणि सोन्याच्या पट्टीवर तो सरकवून बसवतात. मला त्या कामाचा अभिमान आहे, सेटरच्या टेबलापाशी उभं राहून तासभर बघावं असं ते काम. तरी साखरपुड्याच्या अंगठीसाठी नको म्हणेन. बोट जाड झालं आणि कडं मोठं करायला गेलात की पट्टी हलते, एक दगड निसटतो आणि मग बाकीचे तीनही सैल. उपनगरातल्या साध्या कारागिराला ते पुन्हा बसवता येत नाही. लहान हिऱ्यांवर पैसे वाचवून मोठं रूप हवंच असेल तर मध्ये एकच प्रिन्सेस आणि भोवती बारीक गोल हिऱ्यांची महिरप घे. त्यातला एखादा पडला तर घाटकोपरमध्ये तासाभरात बसवून मिळतो. मात्र अशी अंगठी घेताना ‘एकूण साठ सेंट’ या शब्दांना भुलू नकोस. मधल्या दगडाचं वजन वेगळं लिहून माग; एकाच चाळीस सेंटच्या हिऱ्याची किंमत आणि चाळीस सेंट भरणाऱ्या चुऱ्याची किंमत यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

लॅब-ग्रोनबद्दल विचारत होतास. तो खोटा हिरा नव्हे. कार्बनच आहे, फक्त जमिनीखाली न होता यंत्रात झाला. आपल्या सुरतेत भरपूर होतो. दुकानदार पेनासारखं यंत्र टेकवून ‘बघा, हिरा’ म्हणेल तेव्हा तो खोटं बोलत नसेल, कारण ते यंत्र दोन्हींना हिराच म्हणतं. (उष्णतेवर चालणारी साधी पेनं तर हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या मोझॅनाइटलाही हिरा म्हणून मोकळी होतात.) फरक प्रयोगशाळेतच कळतो, म्हणून बिलावर ‘नैसर्गिक’ की ‘लॅब-ग्रोन’ हा शब्द स्पष्ट हवा. त्याच बजेटात लॅबचा कितीतरी मोठा मिळेल, पण त्याचा भाव गेली काही वर्षं घसरतोय आणि परत विकायला गेलास तर हाती फारसं काही लागणार नाही. जीआयएने २०२५ मध्ये अशा हिऱ्यांना रंग-शुद्धतेच्या नेहमीच्या श्रेण्या देणंही थांबवलं. माझं मत विचारशील तर, अंगठी विकायची नाहीच हे दोघांचं पक्कं असेल तर लॅबचा घे आणि उरलेले पैसे भाड्याच्या डिपॉझिटला ठेव. पण हे तिला विचारून. गुडघ्यावर बसून डबी उघडायची हौस असेल तर रिकामी डबी उघड हवं तर. आपल्यात पूर्वी साखरेचा पुडा, साडी आणि कुंकू एवढ्यावर सोयरीक ठरायची, अंगठीचं फार नंतर आलं. हिरा मात्र दोघांनी मिळून बघा.

‘बीकेसीत ओळख आहे, होलसेलमध्ये काढून देतो’ असं ऑफिसातलं कुणीतरी नक्की म्हणणार. सुटा हिरा घेऊन अंगठी वेगळी करवणं स्वस्त पडतं हे खरं. पण तसं करायचं तर हिऱ्याच्या कमरेवर लेझरने कोरलेला रिपोर्ट नंबर आयग्लासमधून स्वतः वाचायचा, अंगठीत बसवायला देण्याआधी आणि बसवून आल्यावरही. प्राँगखाली नंबर झाकला जाऊ नये असं सेटरला आधीच सांगून ठेव. आणि कच्च्या चिठ्ठीवर व्यवहार नको, ओळख कितीही जुनी असो.

बोरिवली असो की मुलुंड, दुकानात शनिवारी-रविवारी जाऊ नकोस. पाडवा, अक्षय्य तृतीया, धनत्रयोदशी तर नकोच. मंगळवार-बुधवारी सकाळी जा, माणसं मोकळी असतात, दगड दाखवायला कंटाळत नाहीत. ‘घडणावळीवर पन्नास टक्के सूट’ अशी पाटी असेल तर हिऱ्याचा दर कॅरेटचा भाव विचार आणि तोच भाव शेजारच्या दुकानात विचार. सूट कुठून वसूल होते ते कळेल. बिलात सोनं, हिरा आणि घडणावळ तीन वेगळ्या ओळींत हवं, मग त्यावर ३ टक्के जीएसटी. सोनं निव्वळ वजनावर लाव म्हणावं. अर्ध्या कॅरेटचा हिरा म्हणजे ०.१० ग्रॅम. अंगठी काट्यावर ३.३० भरली तर सोन्याचे पैसे ३.२० चे. आज सोन्याचा भाव बघता तो ग्रॅमचा दहावा हिस्सा सोडून द्यायचा नाही.

सोनं अठरा कॅरेटचं घे, त्यावर ७५० चा शिक्का असतो. चौदाचं, ५८५ चं, स्वस्तही आणि कणखरही. प्राँग कमी झिजतात. बावीसमध्ये हिरा बसवायचा हट्ट सासूबाई धरतील, तो गोड बोलून मोडून काढ. बावीस मऊ पडतं. हॉलमार्कसोबत सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी कोरलेला असतो, तो बीआयएस केअर अॅपमध्ये तिथल्या तिथे टाकून बघ. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, म्हणून अगदी बारीक कडं घेणार असशील तर विचारून घे. परत घेताना किती कापणार आणि बदलून देताना किती, हे दोन वेगळे आकडे असतात. दोन्ही बिलावर लिहून घ्यायचे, तोंडी नाही. दोन लाख किंवा वरची रक्कम रोखीने देता येत नाही आणि दोन लाखांवर पॅन लागतो, तेव्हा कुणी ‘कॅश द्या, कमी करतो’ म्हणालं तर उठून ये. पुढे काही बिनसलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पण तिथेही पक्कं बिल लागतंच.

तिच्या बोटाचं माप संध्याकाळी घे. सकाळी बोटं आखडलेली असतात आणि मुंबईच्या उकाड्यात दुपारनंतर फुगतात. चौकोनी दगड वरून जड असतो, सैल अंगठी सारखी तळहाताकडे फिरते आणि कोपरे आपटतात. ऑर्डर साखरपुड्याच्या महिनाभर आधी दे. हातात आल्यावर अंगठी सुती ओढणीवर चारही बाजूंनी फिरवून बघ. धागा अडकला तर प्राँग नीट दाबलेला नाही, तिथेच दुरुस्त करून घे. कानाशी धरून बोटाने टकटक कर, आत खुळखुळलं तर दगड सैल आहे.

हिऱ्याला तेलाची ओढ भारी. खाणीत चिकट ग्रीसच्या पट्ट्यावरून खडी सोडतात, दगड वाहून जातात आणि हिरे चिकटून राहतात. तेच साय, क्रीम, कणकेच्या तुपाचं. महिन्यातून एकदा कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब टाकून लहान मुलाच्या मऊ ब्रशने खालच्या बाजूने घासायचं, तेही बादलीत. बेसिनवर कधी नाही. वर्षातून एकदा प्राँग तपासून घ्या, बहुतेक दुकानं फुकट करून देतात. आणि गणपतीत विसर्जनाला जुहूला जाल तेव्हा अंगठी घरी कपाटात ठेवून जायला सांग. गार पाण्यात बोट आकसतं.